पायलट, नदी

बायोडेटावर छापलं होतं, 'व्यवसाय : पायलट, नदी.' आणि ओवीने ते वाचून घरभर जाहीर केलं होतं, "नदी कसलं, न. दी.! नवी दिल्ली! टाइप करणाऱ्याने मधले डॉट खाल्लेत."

आता ओवी म्हणते म्हटल्यावर बरोबरच असणार! दीड महिन्यापूर्वीपर्यंत हीच ओवी रिक्षावाल्याकडे सुट्टे मागायला लाजायची. मग शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली आली, ढाल घेऊन घरी आली आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला ब्रेक म्हणून राहिला नाही. दहावीचं वर्ष, पण पुस्तकापेक्षा माइक जास्त हातात. ताईचं स्थळही तिनेच वधूवर ग्रुपवर शोधलेलं. प्राचीताई, वय सत्तावीस, जांभूळच्या पाणी केंद्रात नदीचं पाणी तपासणारी. आणि मुलगा पायलट! चिखलोलीच्या त्यांच्या सोसायटीत ही बातमी लिफ्टपेक्षा लवकर वरखाली फिरली. खालच्या मजल्यावरच्या राजसीला तर ओवीने कॉकपिटमधला फोटो कबूलसुद्धा करून टाकला होता.

तर रविवार. सकाळचे अकरा. कांदेपोहे नको, सगळीकडे तेच असतं, असं म्हणून बाबा भल्या सकाळी उल्हासनगरला जाऊन दाल पकवान, म्हणजे सिंधी डाळ आणि कडक तळलेल्या पुऱ्या, घेऊन आले होते. सोफ्यावर देवदत्त बसला होता. उंच, उन्हाने रापलेला, हाताचे तळवे एकदम खरखरीत. शेजारी त्याची आई. तिला सगळे माईच म्हणायचे. दोघं शिरगावहून रिक्षाने आले होते.

बाबांनी, म्हणजे श्यामकांतरावांनी, पकवानाचा तुकडा उचलला आणि खास पुरुषी चौकशी सुरू केली.

"मग, एअरबस की बोइंग?"

देवदत्तने माईकडे बघितलं. माईंनी पंख्याकडे बघितलं.

"काका, मी विमानाचा पायलट नाही," देवदत्त म्हणाला. "जहाजाचा. नदीतला."

कडकन आवाज झाला. बाबांच्या हातातल्या पकवानाचे दोन तुकडे झाले होते.

"नदीतला म्हणजे?"

"हुगळी नदी. समुद्रातून मोठी जहाजं येतात. त्यांना नदीतून बंदरापर्यंत न्यायचं आणि परत बाहेर सोडायचं. बायोडेटात लिहिलंय की. पायलट, नदी."

"अगंबाई, म्हणजे नावाडी?" आईच्या तोंडून निघून गेलं आणि तिने लगेच पदराने तोंड झाकलं.

ओवीचे कान असे तापले की त्यावर पकवान तळून निघालं असतं. न. दी.! नवी दिल्ली! तिने वळून ताईकडे बघितलं. ताई शांतपणे वाट्यांमध्ये डाळ वाढत होती. ओवीने तिला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलू दिलंस कुठे? मी तोंड उघडेपर्यंत तू तिसऱ्या मजल्यावर पोहोचली होतीस." प्राची हसली, पण मग डाव हातातच राहिला. "ओवे, ऐक. मला हा आवडलाय. महिनाभर बोलतोय आम्ही. पण बाबांनी मनापासून हो म्हटलं पाहिजे. ते गप्प बसून मांडवात फिरणार असतील तर मला ते लग्न नको."

आणि बाबांचं हो म्हणजे सोपं काम नव्हतं. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात बत्तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर. रिटायर झाले तरी नजर रिटायर झाली नव्हती. याआधी तीन मुलं त्यांनी नाकारलेली. त्यातला एक तर नुसता हेल्मेट कोपरात अडकवून बाइकवरून आला म्हणून. "डोकं कोपरात आहे का याचं?" असं म्हणून विषय संपवला होता.

दोघी बाहेर आल्या तेव्हा बाबांच्या हातात बायोडेटा होता आणि बोट उत्पन्नाच्या ओळीवर.

"साडेतीन लाख. महिन्याला. एका नदीत?"

"हो काका."

"मी रिटायर होताना याच्या निम्म्याचं निम्मं घेत होतो हो. आणि तिथे ॲसिड होतं. पाणी नव्हतं." बाबांनी चष्मा काढला. "जहाजावर कप्तान असतो ना? मग तो चालवतो. तुम्ही शेजारी उभं राहून डावीकडे, उजवीकडे म्हणायचं. एवढ्याचे साडेतीन लाख? राग मानू नका, पण मला हे पटत नाही. आणि जे पटत नाही त्यात मी माझी मुलगी देत नाही."

झालं. ताईच्या हातातली वाटी टेबलावर जरा जोरात टेकली.

आता चूक ओवीची, तर ती निस्तरायला नको? ती सरळ उभीच राहिली. माइक नव्हता म्हणून हातात डाव घेतला.

"बाबा, माझे तीन मुद्दे आहेत."

"बस खाली."

"मुद्दा पहिला! तुम्ही तास मोजताय. डॉक्टर पोट पाच मिनिटं दाबून बघतो, त्याला आपण पाच मिनिटांचे पैसे देतो का? मुद्दा दुसरा! कप्तान कुठून तरी परदेशातून आलेला. त्याला आपल्या नदीतलं काय माहीत? आपल्या उल्हास नदीत बदलापूरच्या पुलाखाली कुठे खड्डा आहे ते मुंबईवाल्याला तरी कळतं का? तिसरा मुद्दा..." तिसरा मुद्दा तयार नव्हता. तिने देवदत्तकडे बघितलं.

"गाळ," देवदत्त म्हणाला.

"गाळ!" ओवी गरजली.

माई फिसकन हसल्या. देवदत्त पुढे सरकला आणि टेबलावरची चिंचेची चटणी, वाट्या, चमचे घेऊन नदी मांडायला लागला. "काका, नदीचा तळ दर आठवड्याला हलतो. आज इथे सात मीटर पाणी, पुढच्या रविवारी पाच. जहाज मात्र तेवढंच खोल. भरतीच्या पाण्यावरच वर न्यायचं, आणि मधे चुकलं तर ओहोटीला ते गाळात बसतं आणि आडवं होतं. मग मागचं सगळं बंदर बंद. कप्तानाचा नकाशा छापून जुना झालेला असतो. आमच्या डोक्यातला रोज नवा करावा लागतो."

"पाणी वर्षभर एकसारखं नसतं, हे मी तर रोज बघते," प्राची हळूच म्हणाली. "पावसाळ्यात आमच्या इथे पण एका दिवसात गाळ कुठल्या कुठे जातो."

बाबांनी वाट्यांच्या नदीकडे बघितलं. मग चष्मा परत घातला. ओवीला ती खूण माहीत होती. बाबा ऐकायला लागले होते.

तेवढ्यात माई म्हणाल्या, "तिकडे बंगालात जुनी माणसं याला काय म्हणतात माहितीये? आडकाठी! पायलटला त्यांचा शब्दच तो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, माझ्या पोराने कुणाचं काय अडवलं?"

"अहो माई, लग्नाच्या बोलण्यात आडकाठी नका काढू!" आई घाबरून म्हणाली आणि मग स्वतःच हसायला लागली. बाबासुद्धा हसले. बाबा हसले! ताईच्या गालावर लाली आली. ओवीला वाटलं, मॅच खिशात. आता फक्त शेवटचा सिक्सर.

"बाबा, एक मिनिट. हे बघा म्हणजे खात्रीच पटेल." तिने फोन काढला. देवदत्तने ताईला पाठवलेला फोटो, खालच्या मजकुरासकट, ओवीने मघाशी स्वयंपाकघरातच ताईच्या फोनवरून ढापला होता. ती तो स्टेटसला ठेवणार होती, खाली लिहून, 'माझे होणारे जिजू, डेअरिंग लेव्हल हजार.' तिने फोनवरून तो थेट टीव्हीवर लावला.

भिंतभर फोटो आला. लोखंडाची काळी, उंचच उंच भिंत म्हणजे जहाज. खाली खवळलेलं मातकट पाणी आणि त्यात हेलकावणारी छोटी बोट. जहाजावरून लटकणारी दोरीची शिडी. आणि तिच्या मधोमध केशरी जॅकेट घातलेला देवदत्त, मान वळवून कॅमेऱ्याकडे हसणारा.

"जहाज थांबत नाही, बाबा! चालत्या जहाजावर चढतात! आहे का नाही भारी?"

 बाबा उठले. टीव्हीच्या इतके जवळ गेले की त्यांचं नाक काचेला लागेल. देवदत्तच्या चेहऱ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. ते शिडी बघत होते. वरून खाली, एक एक पायरी, बोटाने.

"ही शिडी कुणी पास केली?"

आवाज ओवीच्या ओळखीचा नव्हता. घरात हेल्मेटवरून ओरडणारा आवाज वेगळा. हा अगदी हळू होता.

"जहाजाची असते, काका. ज्या जहाजावर जायचं, त्याची."

"इथे मधेच ही लांब आडवी फळी आहे. शिडीला पीळ बसू नये म्हणून असणार."

"हो."

"ती अर्धी आहे. तुटलीय. आणि नायलॉनच्या सुतळीने बांधलीय. ही पायरी तिरकी. आणि ही डावीकडची दोरी बघ, वर, कड्यापाशी. केस पिंजारल्यासारखी फुललीय." बाबा वळले. "फोटो कधीचा?"

"बुधवारचा."

"आणि तू चढलास."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते बाबांनाही कळलं नसावं.

"भरती गाठायची होती. मी नाही म्हटलं असतं तर जहाज बारा तास समुद्रात उभं राहिलं असतं. कप्तान वरून हात जोडत होता. म्हटलं, मी हलका आहे, जाईन."

"तक्रार लिहिलीस?"

देवदत्त टेबलावरच्या वाट्या सारख्या करायला लागला.

"लिहिलीस का?"

"नदीत अकरा तास गेले. मग झोपलो. मग इथलं विमान. म्हटलं, परत गेल्यावर लिहीन."

"आणि ते जहाज आत्ता कुठे आहे?"

ओवीला आधी हा प्रश्न कळलाच नाही. जहाज कुठे आहे म्हणजे काय, असेल कुठेतरी. पण देवदत्तला कळला. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि त्या रापलेल्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"माल उतरवून काल मध्यरात्री निघालं असणार," तो म्हणाला. "पायलट त्याला समुद्रापर्यंत सोडतो. आणि मग तिथे खाली उतरतो."

"कुठून उतरतो?"

"त्याच शिडीवरून."

आईने हातातला पेला खाली ठेवला, तो कलंडला, पाणी टेबलावरून खाली टपटपत राहिलं आणि कुणीही पुसायला उठलं नाही.

देवदत्त फोनमध्ये ड्यूटीची यादी शोधत होता. बोट चुकत होतं. "कमलेश," तो म्हणाला. "कमलेश आहे त्याच्यावर. माझ्याच बॅचचा. साडेबाराच्या सुमाराला उतरेल."

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

कमलेशचा फोन लागेना. नदीच्या तोंडाशी रेंज येते नि जाते म्हणे. मग त्याने बंदराच्या कंट्रोल रूमला लावला, तर इथली रेंज गेली. चिखलोलीत टॉवर उभे राहिलेत, पण ते बिल्डरचे. "वॉशिंग मशीनपाशी!" ओवी ओरडली. "तिथेच लागतो!" सगळी वरात ड्राय बाल्कनीत गेली. वाळत घातलेल्या चादरींमध्ये देवदत्त उभा, एक कान बोटाने बंद केलेला. "हां सर, देवदत्त बोल रहा हूं. वो जहाज की पायलट लॅडर खराब है. नहीं सर, खराब मतलब खराब! कमलेश को रोको. उतरना नहीं है उसे. हां, मैं चढ़ा था. हां सर, मैंने नहीं बताया. मेरी गलती है सर, आप पहले उसको रोको!"

मग थांबायचं होतं, नुसतं थांबायचं.

ओवीच्या डोक्यात एकही मुद्दा उरला नव्हता. तो फोटो तिने मघापासून चार-पाच वेळा तरी चोरून बघितला असेल. झूम करून बघितला होता, देवदत्तचं हसू, केशरी जॅकेट, लाटा. दोरी एकदाही बघितली नव्हती. त्या फुललेल्या दोरीवरून एक माणूस आत्ता, या क्षणी, पाय खाली सोडत असेल, आणि आपण त्या फोटोखाली 'डेअरिंग' लिहिणार होतो. 

बाबा मशीनला टेकून उभे होते. कुणाशी बोलतायत ते कळत नव्हतं.

"महिपती म्हणून एक होता आमच्याकडे. टाकी साफ करायला उतरायचा. आत हवा तपासायची आणि मग सही करायची, असा नियम. सही माझी. त्या दिवशी टँकर गेटवर उभा होता, मॅनेजर घाई लावत होता. मी म्हटलं, काल तर तपासली होती." ते थांबले. "सही केली."

"बाबा?" प्राची पुढे आली. "हे तुम्ही कधी..."

"दोन मुली होत्या त्याला. तुमच्यासारख्याच."

पंधरा वर्षांत ओवीने हे नाव घरात ऐकलं नव्हतं. कोपरातलं हेल्मेट, गॅसचा नॉब रात्री तीनदा तपासणं, शाळेच्या सहलीच्या बसचे टायर बघायला येणं, तिने मैत्रिणींमध्ये ज्याची टर उडवली ते सगळं एकदम तिच्या पुढ्यात येऊन उभं राहिलं.

"मला कसला पगार मिळायचा माहितीये?" बाबा देवदत्तला म्हणाले. "एका शब्दाचा. 'नाही' या शब्दाचा. बाकीची कामं कुणीही करतं. मॅनेजरच्या तोंडावर नाही म्हणायला माणूस ठेवतात, आणि त्याला बरा पगार देतात, म्हणजे त्याला भीती वाटू नये."



फोन वाजला. देवदत्तने घाईत तो स्पीकरवर टाकला. वाऱ्याचा प्रचंड घोंघाट आणि त्यातून एक आवाज. "अबे देवा!"

"कमलेश! तू कुठे आहेस?"

"ऊपरच आहे, डेकवर. एक पाय बाहेर टाकला होता, तेवढ्यात वॉकीवर सगळे बोंबलायला लागले. मग खलाशांना म्हटलं, शिडी ओढा वर, बघू तरी. ओढली, तर डावी रस्सी तुटली ना भाई. कड्यापासून. अर्धी शिडी पाण्यात लटकतेय." वारा. मग आवाज एकदम बारीक झाला. "तू इसी पे चढ़ा था क्या रे?"

"हो," देवदत्त म्हणाला. माईंनी त्याचा दंड पकडला होता आणि त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"दुसरी लावतायत," कमलेश म्हणाला. "ती नीट बघूनच उतरतो. ठेव." आणि फोन कट झाला.

सगळे आत आले. टीव्हीवर देवदत्त अजून हसत होता. ओवीने धावत जाऊन फोटो बंद केला.

"काका, तुम्ही विचारलंत ना, एवढा पगार कशाला," देवदत्त उभ्याउभ्याच म्हणाला. "बुधवारचा जास्तच झाला. त्या दिवसाचा माझा नव्हता." त्याने माईंची पिशवी उचलली. "चल माई."

"बसा," प्राची म्हणाली.

तो थांबला.

"माई मघाशी म्हणाल्या ना, तिकडे पायलटला आडकाठी म्हणतात. मग ते काम बुधवारी केलं का नाहीत? घालायची होती आडकाठी. कप्तान हात जोडू दे, नाहीतर पाया पडू दे." तिचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "मला चढल्यावरचा फोटो पाठवला होतात. हसरा. मला तो नको. चढण्याआधी शिडीचा पाठवायचा. नुसत्या शिडीचा."

ओवी बघतच राहिली. ताई! जिचा आवाज कधी स्वयंपाकघराबाहेर जात नाही, ती ताई!

"पुढची ड्यूटी कधी?" बाबांनी विचारलं.

"गुरुवारी."

"फोटो मलाही पाठवायचा. हो की नाही ते मी गुरुवारनंतर सांगेन. दाल गार झालीय, गरम करा गं कुणीतरी. उपाशी पाठवायचं नाही."

चार दिवस घरात कुणी लग्नाचा 'ल' काढला नाही. राजसीने विचारलं, "कॉकपिटचं काय झालं गं?" तर ओवी म्हणाली, "विमान नाही, जहाज आहे. आणि माझं चुकलं." राजसी बघतच राहिली. ओवीच्या तोंडून 'माझं चुकलं' तिने त्या ढालीनंतर पहिल्यांदाच ऐकलं होतं.

गुरुवारी सकाळी ओवी शाळेच्या बुटांच्या नाड्या बांधत होती, तेव्हा बाबांचा फोन टिंग झाला. फोटोत माणूस नव्हताच. नुसती शिडी. काळ्या लोखंडावर लटकणारी, खालून दुसरी पायरी वाकडी. खाली दोन ओळी. 'काका, नाही म्हटलं. जहाज तास झाला उभं आहे, कप्तान वरून शिव्या देतोय, नवी शिडी शोधतायत.'

बाबांनी तो मोठा करून बघितला. दोऱ्या, कडी, फळ्या. प्राची डबा हातात घेऊन दारातच खिळली होती. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप केलं. ओवीने खांद्यावरून वाकून वाचलं.

'दोन तास लागले तरी लागू दे. माईंना सांग, तारीख बघायला घेतो.'